कमी पिकाच्या वर्षाचा पट्टा

या अंकाच्या संपादकांनी लेख मागताना एकच अट घातली: "भोईरकाका, कामाबद्दल लिहा, पण थापा जरा हात राखून." हात राखून मारलेली थाप म्हणजे पाणी घातलेली ताडी, धड ताडी नाही आणि धड पाणी नाही. तरी शब्द दिलाय. खाली जिथे थाप असेल तिथे ती एवढी मोठी असेल की चिखलोलीच्या नव्या टॉवरांवरूनही दिसेल. बाकी सगळं खरं आहे. खरं नसतं तर बरं झालं असतं.

मी अंबरनाथच्या एमआयडीसीत स्टेनलेस स्टीलच्या टाक्या केल्या. वेल्डर म्हणून लागलो, फोरमन होऊन बाहेर पडलो. माझ्या हाताखालून गेलेल्या टाक्या एकावर एक रचल्या तर वर बसलेल्या माणसाला मलंगगड हा बुटात गेलेला खडा वाटेल. दुधाच्या टाक्या, औषधांच्या, शाम्पूच्या, सॉसच्या. मे महिन्यात आमच्या शेडचा पत्रा असा तापायचा की कावळे त्यावर बसायच्या आधी चपला घालायचे.

लोकांना वाटतं टाकी म्हणजे मोठं पिंप. तसं नाही. टाकीच्या अंगाभोवती बाहेरून पत्र्याचा दुसरा पट्टा वेल्ड करतात, कमरेला शेला बांधावा तसा. पट्टा आणि टाकी यांच्या मधल्या फटीतून पाणी फिरवायचं. थंड पाणी फिरवलं की आतला माल थंड होतो, गरम फिरवलं की गरम. यात अक्कल एवढीच की पट्ट्याच्या आतल्या बाजूला माल असला पाहिजे. पट्टा गळ्याशी आणि माल तळाशी असेल तर पट्टा नुसती हवा थंड-गरम करत बसतो.

आमची सगळी गिऱ्हाइकं मागायची थंड. उल्हासनगरच्या कॅम्प एकमध्ये एक शेठ ठादल करायचे, म्हणजे बदाम-खसखशीचं सिंधी सरबत. मला म्हणाले, "भोईर, ऐसी थंडक मांगता हूँ के गिलास पकडके आदमी को स्वेटर याद आए." मी टाकी अशी केली की पहिल्या दिवशी नळातून ठादल येईचना, हातभर लांब कुल्फी बाहेर आली. शेठनी ती सुरीने कापून विकली आणि मला म्हणाले, "ऐसाच रहने दो." तर सगळे थंड मागायचे, आणि सगळे टाकी काठोकाठ भरायचे. कारखान्यात अर्धी टाकी नावाची वस्तूच नसते. हे माझ्या डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं की पुढे जे झालं ते त्यातूनच झालं.

आमचे मालक गोपशेठ. एका प्रदर्शनात त्यांना एक फ्रेंच डीलर भेटला आणि त्याने सहा टाक्यांची ऑर्डर दिली. पांढऱ्या वाईनच्या. गोपशेठ शेडमध्ये नाचतच आले. "साईं, फ्रान्स! अब अपना माल फ्रान्स जाएगा. वेल्डिंग ऐसा मारना के बीवी का गाल लगे."

कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढणारी आमची सायली, बदलापूरची. बोलायची कमी, बघायची जास्त. ती कागद घेऊन आली.

"काका, पाच टाक्या सारख्या आहेत. सहावीला दोन पट्टे मागितलेत. एक वर, एक अगदी बुडाशी."

"बुडाशी कशाला?"

"गिऱ्हाइकाने स्वतः बाजूला हाताने लिहिलंय. मी फोनवर भाषांतर केलं. कमी पिकाच्या वर्षी टाकी तळाच्या तिसऱ्या हिश्शापर्यंतच भरते, तेव्हा वरचा पट्टा मालाला लागत नाही, म्हणून खालचा हवा."

"अगं, टाकी घेतात ती भरायला की वाजवायला?"

"मी फक्त लिहिलेलं वाचलं."

तरी आम्ही खालचा पट्टा लावला होता हो. पण पाणी भरून दाब दिला तर तो शिवणीवर गळला. पुन्हा उचकटायचा, पुन्हा घासायचा, पुन्हा वेल्ड करायचा, आणि कंटेनर परवा बंदरावर पोचला पाहिजे. मी ग्राइंडर मागवला, पट्टा कापला, डाग घासून आरशासारखा पत्रा करून टाकला.

"काका, ड्रॉइंगमधूनपण खोडू?" सायलीने विचारलं.

"खोड."

"नक्की? त्यांनी मुद्दाम लिहिलंय."

"खोड गं. मी आहे ना."

खोडलेलं ड्रॉइंग डीलरकडे गेलं आणि त्याची सही होऊन परत आलं. त्याने बघितलंच नसणार. सहा टाक्यांत एकीचा एक पट्टा कोण बघतो?

टाक्या बसवायला एप्रिलमध्ये मलाच पाठवलं. गोपशेठ म्हणाले, "तू जा. तू बोलता बहुत है, उन लोगों को लगेगा बडी कंपनी है." बर्गंडीच्या उत्तरेच्या टोकाला शाब्ली म्हणून गाव आहे, त्याच्या आसपासच्या टेकड्यांवर सगळा द्राक्षाचा मळा. पाच टाक्या दोन दिवसांत बसवल्या. सहावी ज्या घरी गेली तिथली मालकीण ओदिलबाई. साठीच्या पुढची, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, हात आपल्याकडच्या भाताच्या मोसमातल्या बाईसारखे. तिचं इंग्रजी तोडकं, माझं मोडकं, त्यामुळे आमचं छान जमलं. अडलं तिथे तिची सून मदतीला.

तिचा नवरा त्या हिवाळ्यात गेला होता. वाईन तो करायचा, बाग ती बघायची. शेजारचा मोठा बागाईतदार पुरी बाग खंडाने मागत होता. तिने मला पहिल्याच दिवशी सांगितलं, "हे एक वर्ष मी एकटी करून बघणार आहे. या वर्षाची वाईन माझ्या हातून नीट उतरली तर बाग ठेवीन. नाही उतरली तर देऊन टाकीन." जेवताना सांगितलं, मीठ मागावं तसं.

बाटलीवर वर्ष का छापतात हे मला तिथे कळलं. मला वाटायचं, दारू किती जुनी हे सांगायला. ती म्हणाली, त्या वर्षी आभाळाने काय केलं ते सांगायला. उन्हाळा कडक गेला तर द्राक्षात साखर चढते आणि आंबटपणा उतरतो, वाईन लठ्ठ आणि आळशी होते. गारवा राहिला तर आंबटपणा टिकतो, वाईन ताठ उभी राहते. पावसाने आणि थंडीने अती केलं तर घड पिकतच नाहीत, वाईन कच्च्या कैरीसारखी दात आंबवते. लाल वाईन सालींसकट आंबवतात, तिच्यात बरेच दोष दडतात. पांढरीसाठी घड तोडले की लगेच दाबून नुसता रस घ्यायचा. आभाळाने जे केलं ते सगळं उघडं पडतं, झाकायला साल नाही.

त्या वर्षी मार्च उबदार गेला होता. वेलींना वाटलं, आला उन्हाळा. डोळे फुटले, करंगळीच्या नखाएवढी पालवी आली. आणि मी तिथे असतानाच थंडी परत फिरली. सकाळी उठून खिडकी उघडली तर सगळी टेकडी धुरकट. ओळीओळींतून वेलींना ऊब द्यायला ठेवलेले मेणाचे डबे जळून विझलेले. बाई आणि सून पहाटेपासून बागेत होत्या, आणि मी रजईत घोरत होतो.

"मला उठवलं का नाही?" मी विचारलं.

"तुम्ही पाहुणे. आणि मेणबत्त्या कमी पडल्या, माणसं नाही," ती म्हणाली.

तिने एक डोळा खुडला आणि बोटांत चोळला. चहाच्या पुडीसारखा भुगा झाला. मग दुसरा. मग पुढच्या वेलीचा. असं ती अर्धी ओळ चालत गेली, आणि मी तिच्या मागे.

परत येऊन ती नव्या टाकीपाशी उभी राहिली. हात फिरवला, खाली वाकली.

"खालचा पट्टा कुठे आहे?"

आता वाचकहो, तोंड माझं. ते रिकामं राहू शकत नाही. मी छाती काढून म्हणालो, "मादाम, ही अंबरनाथची टाकी आहे. नवीन डिझाइन. एकच पट्टा तळापर्यंत काम करतो. दोन पट्टे जुन्या लोकांना लागायचे."

ती सरळ उभी राहिली. मग म्हणाली, "चांगलं आहे," आणि टाकीवर थोपटलं. पाहुण्यावर विश्वास ठेवला तिने. चपलेतल्या कावळ्यांची गोष्ट सांगतो त्याच तोंडाने मी हे सांगितलं होतं.

मी परत आलो. उन्हाळाभर तिचे मेसेज यायचे, फोटोंसकट. दुसऱ्यांदा फुटलेले डोळे उशिरा आले. फुलोऱ्यात पाऊस लागला आणि फुलं गळली, आपल्याकडे ढगाळ हवेने आंब्याचा मोहोर गळतो तशी. मग पानांवर केवडा आला, म्हणजे बुरशीचा रोग. मोरचुदाची फवारणी करून करून तिचे हात निळे झालेले, तो फोटो मी शेडमध्ये सगळ्यांना दाखवला. ऑगस्टमध्ये गारा पडल्या. किती वेळ? "कॉफी थंड व्हायला लागते तेवढा," तिने लिहिलं. राहिलेले घड ऑक्टोबर उजाडला तरी आंबटच. शेवटी तोडले. सगळ्या बागेचा मिळून रस किती निघाला? टाकीचा तिसरा हिस्सा. तळाचा.

तो आकडा वाचला आणि माझ्या हातातला चहा तसाच राहिला.

रसाची वाईन होते ती आंबवणाने. आंबवण म्हणजे जिवंत जंतू, दह्याच्या विरजणासारखे. रसातली साखर खातात आणि तिची दारू करतात. त्यांना फार गरम चालत नाही, फार थंडही चालत नाही. त्या वर्षी थंडी लवकर आली, बाईचं तळघर गार पडलं, आणि नोव्हेंबरात आंबवण अर्ध्यावर थांबलं. मी कारखान्यात असतानाच बाईचा व्हिडिओ कॉल आला. टाकी दाखवली. वरच्या पट्ट्यात गरम पाणी फिरत होतं, पट्ट्याला हात लावता येत नव्हता इतका गरम. आणि माल त्याच्या चार फूट खाली, थंडगार, गप्प.

"मिस्टर भोईर, तुम्ही म्हणाला होता एक पुरतो," ती म्हणाली. रागाने नाही.

"म्हणालो होतो," मी म्हणालो.

आणि इथे माझा दुसरा गुन्हा. तेव्हाच कबूल करून दुसरी वाट शोधायची, तर मी म्हणालो, "पाणी आणखी गरम करा, हळूहळू खाली उतरेल." उष्णता खाली उतरत नाही, वर जाते. हे मला फोरमन व्हायच्या आधीपासून माहीत आहे. चार दिवस तिने रिकामी हवा तापवली.

घरी बायकोला सांगितलं. ती नगरची, थंडी ओळखणारी. पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "अहो, डब्याच्या तळाला चार डाव इडलीचं पीठ आहे, आणि तुम्ही शाल गुंडाळलीत डब्याच्या गळ्याला. फुगेल का पीठ?"

"नाही."

"मग हे सांगायला फ्रान्सला कशाला जायला हवं होतं?"

व्हिसा मिळेपर्यंत महिना गेला असता, म्हणून इथूनच काहीतरी करायचं ठरवलं. यार्डात त्याच मापाच्या टाकीचा तळाचा तुकडा पडला होता. त्याला बागेची रबरी नळी तळापासून गुंडाळायची, नळीतून गरम पाणी फिरवायचं, वरून ब्लँकेट. पण तपासायचं कुठे? अंबरनाथला नोव्हेंबरच्या दुपारी नळी नुसती दाखवली तरी पाणी गरम होतं. मग गोपशेठनी उल्हासनगरच्या ओळखीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये जागा मागितली. टेम्पोतून तुकडा नेला, सफरचंदांच्या पेट्यांमध्ये ठेवला, पाणी भरलं आणि गार होऊ दिलं. सायली कानटोपी घालून थर्मामीटर धरून बसली. गोपशेठ बायकोची पश्मिना पांघरून आले.

"साईं, मैंने बरफ सिर्फ गिलास में देखा है. तेरे फ्रान्स के चक्कर में मैं आलू के साथ मरेगा."

"शेठ, आलू बाजूच्या खोलीत आहेत. तुम्ही सफरचंदांबरोबर मराल."

"तो ठीक है," ते म्हणाले. "थोडा इज्जत से."

मी त्या खोलीत इतका गारठलो की बोललेले शब्द गोठून खाली पडत होते. सायलीने ते गोळा करून बाहेर उन्हात ठेवले तेव्हा माझ्या शिव्या कळल्या. पण काम झालं. वेढे किती, फट किती, पाणी किती गरम, सगळं सायलीने कागदावर काढलं आणि बाईला पाठवलं. बाईने आणि सुनेने नळी गुंडाळली. ज्या शेजाऱ्याला तिची बाग हवी होती त्यानेच पंप दिला आणि रात्रंदिवस राखला. नवं आंबवण उठवून थोडं थोडं घातलं.

तिसऱ्या दिवशी कॉल आला. बाईने फोन टाकीच्या तोंडाशी धरला. आत फसफस चालू होती, तव्यावर धिरडं पडावं तशी. सगळी शेड माझ्या भोवती गोळा झाली. गोपशेठनी समोसे मागवले. मी वेल्डरांना सांगितलं की हा आवाज मी अंबरनाथहून नुसता हुकूम सोडून काढलाय. सगळे हसले, सायली सोडून.

"काका, मधले दिवस माल हवेत उघडाच होता ना?" तिने विचारलं.

बरोबर बोलली होती. आंबवण चालू असतं तेव्हा त्यातून वायू निघतो आणि मालावर पांघरूण घालून बसतो. आंबवण थांबलं की पांघरूण गेलं. भरलेल्या टाकीत वर हवेला जागाच नसते, पण हिच्या टाकीचे दोन हिस्से हवाच होती. त्यात माझे चार दिवस, नळीचं जमवण्यात गेलेला आणखी आठवडा. तेवढ्यात दुसरे जंतू आले, व्हिनेगरवाले. साखर संपली, वाईन पुरी झाली, आणि तिला नेलपॉलिशचा वास येऊ लागला. प्रयोगशाळेने कागद दिला. दरवर्षी तिची वाईन घेणाऱ्या व्यापाऱ्याने एक घोट घेतला, थुंकला आणि जायला टोपी डोक्यावर घातली. एवढंच तिने सांगितलं, टोपी घातली. सगळा माल व्हिनेगरच्या कारखान्यात गेला.

डिसेंबरात तिचा कॉल आला तेव्हा मी सायलीच्या टेबलाशी उभा होतो. बाई स्वयंपाकघरात बसली होती. बूट दाराशी दिसत होते, स्वच्छ धुतलेले.

"बाग दिली. शेजाऱ्याला. सही झाली," ती म्हणाली.

मी फोन सायलीच्या टेबलावर टेकवून उभा केला.

"तुम्ही मनाला लावून घेऊ नका. नवीन डिझाइन होतं, असं होतं कधी. तुम्ही किती धडपड केलीत. वर्षच तसं होतं. हिम, पाऊस, गारा. वर्षापुढे कोणाचं चालतं?"

सायली कॉम्प्युटरकडे बघत बसली होती. पडद्यावर दुसरंच कुठलं तरी ड्रॉइंग होतं. सांगायची हीच वेळ होती: मादाम, डिझाइन-बिझाइन काही नव्हतं. तुमचा पट्टा आम्ही लावला होता, तो गळला. तो मी कापला. आणि तुमच्या तोंडावर थाप मारली. चार वाक्यं. मी आयुष्यभरात चार लाख बोललो असेन.

मी म्हणालो, "हो. आमच्याकडे म्हणतात, आभाळच फाटलं तर ठिगळ कुठे कुठे लावणार."

तिला ते फार आवडलं. तिने पुन्हा सांगायला लावलं, सुनेला हाक मारली, दोघींनी मिळून फ्रेंचमध्ये लिहून घेतलं.

कॉल बंद झाला.

"काका, सांगितलं नाहीत," सायली म्हणाली.

"नाही."

"आत्ता परत लावून देऊ?"

"नको," मी म्हणालो आणि शेडमध्ये गेलो.

वाईट वर्ष आलंच होतं, ते मी आणलं नाही. पण वाईट वर्ष येतं हे त्या बाईला माहीत होतं. आलं तर काय करायचं हे तिने कागदाच्या कडेला आपल्या हाताने लिहून पाठवलं होतं. तळाचा तेवढा रस तिने आभाळाच्या हातून सोडवून आणला होता. माझ्या हातून नाही सुटला.

आता मी निवृत्त आहे. दर एप्रिलला एके दिवशी सकाळी तिचा मेसेज येतो. तिच्याकडे आता बाग नाही, तरी येतो. आज इथे शून्याच्या खाली किती, एवढंच लिहिलेलं असतं. मी अंबरनाथचं तापमान कळवतो. थाप न मारता, मोबाइलवर असेल तेच. मग आणखी चार वाक्यं टाइप करतो, वाचतो आणि पुसतो.